तिसरा हिस्सा आणि पटलांचा कवडसा

दुधराम टेंभरे यांच्या दारावर सागाची पाटी होती. अक्षरे त्यांच्याच हातची: ‘दुधराम टेंभरे, गुप्तहेर. हरवलेले, चोरलेले, लपवलेले शोधून मिळेल. न हरवलेल्याचीही चौकशी होईल.’ आलेल्या माणसाला ते आधी पाटी वाचायला लावत. वाचता येत नसेल तर स्वतः वाचून दाखवत. मग सांगत, की अख्ख्या भंडारा जिल्ह्यात डोकी दोनच. एक कलेक्टरसाहेबाचे, आणि कलेक्टरसाहेबाची तर बदली होते.

“माझी नजर,” ते म्हणत, “बैलाच्या खुरावरून मालकाचा स्वभाव ओळखते. माझा कान मुंगी कोणत्या पायाने लंगडते ते ऐकतो. नाकाबद्दल मी बोलत नाही. ते लोकांनी बोलावं.”

लोक बोलत. ते इथे लिहिण्यासारखे नाही.

खरी गोष्ट इतकीच, की दुधरामजी बावीस वर्षे रेल्वेच्या मालधक्क्यावर हरवलेल्या पार्सलांचे रजिस्टर लिहीत. बावीस वर्षांत त्यांनी तीन पार्सले शोधली. त्यातली दोन हरवलीच नव्हती. तिसऱ्यावर ते स्वतः चार महिने बसून रजिस्टर लिहीत होते. पेन्शन घेऊन ते नागऱ्याजवळच्या आपल्या गावी आले ते गुप्तहेर होऊनच. एक भिंग आणले, एक वही आणली. मदतनीस आणावा लागला नाही. ती लग्नातच मिळाली होती.

जमुनाबाईचे काम छत्री धरायचे, वही सांभाळायची आणि “हव जी” म्हणायचे. शाळेत ती दीड वर्ष गेली होती. पण भाताच्या पोत्यात हात घालून ती सांगे, वरचे धान या सालचे, खालचे मागच्या सालचे, आणि विकणारा लबाड. यासाठी तिने पाटी लावली नव्हती.

एकोणीसशे सदतीसचा चैत सरत आला होता आणि जमुनाबाईच्या डोक्यावर छप्पर नव्हते. हे बोलायचे म्हणून नाही, खरेच नव्हते. कवेलू, म्हणजे कौले, उतरवून अंगणात रचलेले, वर नुसते वाशाचे फाटे. चुलीवरची पोळी उलटेपर्यंत कावळा फाट्यावर बसून वाट पाही आणि जमुनाबाई त्याला सांगे, “घरधन्याच्या आधी तुले नाही भेटनार.” अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया, आठ दिवसांवर आली होती. अक्तीला लेक शकुंतला हिचे सासरे, म्हणजे व्याही, पहिल्यांदा घरी येणार होते. व्याह्याने पाटावर बसून वर पाहिले आणि त्याला थेट आभाळ दिसले, तर लेकीला जन्मभर ऐकावे लागेल. जमुनाबाईला रात्रंदिवस तेवढेच दिसत होते: व्याह्याची मान वर होते आहे.

आता हे झाले कसे, ते सांगायला घर छावायची, म्हणजे छप्पर घालायची, रीत सांगावी लागेल.

त्या भागात छप्पराच्या ठेकेदाराला पैसे तीन हिश्शांनी देत. बांबू-फाटे दारात पडले की पहिला हिस्सा. कवेलू चढले की दुसरा. आणि तिसरा हिस्सा कवडसे पाहून. भर दुपारी घरधनी दारे-खिडक्या लावून अंधारात बसायचा, आणि वर नाही, खाली पाहायचा. जमिनीवर उन्हाचा ठिपका पडला, म्हणजे वर भोक आहे. एकही ठिपका नाही, म्हणजे नारळ फोडा आणि तिसरा हिस्सा द्या. तोवर ठेकेदाराने त्या घरची शिडी हलवायची नाही. शिडी नेली म्हणजे हिस्सा सोडला, असे सारे गाव धरी.

सुखराम ठेकेदाराकडे शिडी एकच होती. ती भैय्यालाल पटले यांच्या घराला टेकलेली होती. सोमवारी सांजेला पटलांचे काम उरकले. उद्या कवडसे पाहतील, हिस्सा देतील, या भरवशावर सुखरामने त्याच दिवशी आपली माणसे दुधरामजींच्या भिंतीवर चढवून जुने कवेलू उतरवूनही टाकले. मंगळवारी दुपारी पटलांच्या सैपाकखोलीत एक कवडसा पडला. सुखरामने सांजेला ते कवेलू सारखे केले. बुधवारी पुन्हा कवडसा. पुन्हा सारखे केले. गुरुवारी पुन्हा. जागा तीच, कवेलू तेच.

शुक्रवारी सकाळी सुखराम पाटीखाली येऊन बसला.

“दुधरामजी, माह्यावर करणी झाली जी,” तो म्हणाला. “तीस वर्षं झाली घरं छावून राहिलो. एक कवेलू असं बेइमान नाही निघालं. भैय्यालालजी म्हनते, कवडसा हाये तोवर हिस्सा नाही. वीस रुपये अडले जी. पोरायची मजुरी द्यायची हाये.”

“आणि माझं घर?” दुधरामजींनी विचारले.

“शिडी सुटल्याबिगर कसं छाऊ?”

दुधरामजींनी डोळे मिटले. तपास सुरू झाला की ते पुस्तकातली भाषा बोलत. भूक लागली की घरची. “सुखराम,” ते म्हणाले, “मी तुला सगळे पैसे आधी दिले आहेत. पूर्ण तीस रुपये. का दिले? कारण मी माणूस ओळखतो. पैसे आधी मिळालेला माणूस उपकाराखाली राहतो.”

सुखरामने जमुनाबाईकडे पाहिले. जमुनाबाईने कावळ्याकडे पाहिले.

पैसे दुधरामजींनी ठरवले होते, पण दिले जमुनाबाईच्या हातून. गुप्तहेराने रोकडीला हात लावू नये, बोटांचे ठसे उमटतात, असे त्यांचे म्हणणे. तसाही घरातला पैसा-अडका तीस वर्षांपासून तिच्याच हातून जात होता. ठसे सगळे तिचे.

“चल,” दुधरामजी उठले. “छत्री घे.”

पटलांचे घर मोठे. बावीस माणसे रोजाने बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, माती टाकायला, चार जोड्या बैल. भैय्यालाल वसरीत बसला होता. त्याच्या डोक्यावर भिंतीला घड्याळ होते. त्याने दुधरामजींना पाहिले आणि सुपारी अडकित्त्यात तशीच राहू दिली.

“हे कायले आले?”

“सत्यासाठी,” दुधरामजी म्हणाले.

“सत्य सैपाकखोलीत हाये. तिथं तुमाले जाता नाही येत.”

हीच अडचण होती. पटले पोवार, आणि पोवारांच्या घरी परका माणूस सैपाकखोलीचा उंबरा ओलांडत नाही. मग तो गुप्तहेर असो की गव्हर्नर. दुधरामजींनी मान डोलावली, जणू हे त्यांनीच ठरवले होते.

“माझी मदतनीस जाईल,” ते म्हणाले. “शकुंतलाची माय, हा दोरा घे. कवडशाची लांबी मोज, रुंदी मोज, रंग पाहा. विचार करू नको. विचार माझ्याकडे आहे.”

“आतल्या बाईले विचारून पाहू काय जी?”

“काय विचारणार? बायका वर पाहत नाहीत. त्यांचं ध्यान चुलीत.”

“हव जी,” जमुनाबाई म्हणाली.

आत भैय्यालालची विधवा भौजी, सुमित्राबाई, जेवण आटोपून पदर तोंडावर घेऊन निजली होती. पन्नाशीची बाई. बावीस माणसांचा सैपाक वीस वर्षांपासून तिच्याच हातचा. जमुनाबाईने तिला उठवले नाही. कवडसा मोजला. चार बोटे लांब, तीन रुंद. रंग उन्हाचा.

“उन्हाचा?” दुधरामजींनी बाहेर वहीत लिहिले. “नक्की?”

“दुसरं काय पडनार जी वरून?”

त्यांनी भिंगातून शिडी तपासली. शिडीवर पायांचे ठसे होते. ते सुखरामच्या पायांशी तंतोतंत जुळले. दुधरामजी ताठ झाले. “गुन्हेगार सापडला.”

“अजी, माहीच शिडी हाये,” सुखराम म्हणाला.

“हेच म्हणेल गुन्हेगार.”

“पन मी माहा हिस्सा कायले बुडवीन?”

यावर दुधरामजींनी पानभर विचार केला आणि ते पान फाडले.

मग त्यांनी कान जमिनीला लावला. गोंदियाची गाडी दुपारच्या आधी सुटते. तिच्या धक्क्याने जमीन हलते, जमिनीने भिंत, भिंतीने फाटा, फाट्याने कवेलू. रेल्वेतला माणूस असल्याने हे फक्त त्यांनाच सुचू शकत होते. ते अंगणात अर्धा तास पालथे पडले. पटलांचा बैल येऊन त्यांची टोपी हुंगून गेला.

“गाडी ऐकू आली,” उठून ते म्हणाले.

“ते माहं पोट हाये जी,” शेजारी बसलेला सुखराम म्हणाला. “सकाळपासून काही खाल्लं नाही.”

“आणि गाडीच्या धक्क्यानं,” जमुनाबाईने विचारले, “साऱ्या गावात एकच कवेलू हालते काय जी? तेही पटलाचंच?”

दुधरामजींनी तिला छत्री नीट धरायला सांगितले.

शनिवारी माकडाचा सिद्धांत आला. काळ्या तोंडाचे माकड, शिकलेले, कोणीतरी पाठवलेले. कोणी? गोंदियाच्या एखाद्या इंग्रजी कवेलूच्या व्यापाऱ्याने, देशी कवेलूची बदनामी करायला. सुखरामकरवी त्यांनी छपरावर पावशेर चणे ठेवले आणि ओळीने राख पसरली. माकड आले की राखेत पाय उमटतील. ते स्वतः आंब्याखाली दबा धरून बसले. दुपारी चणे जसेच्या तसे होते, राखेत एकही पाय उमटला नव्हता आणि कवडसा जिथल्या तिथे पडला होता.

“माकड आलं होतं,” दुधरामजी म्हणाले.

“मंग चने?”

“उपवास असेल. शनिवार आहे.”

भैय्यालालने सुपारी थुंकली. “दुधरामजी, तुमचं घर बोडकं, माहं घर फुटकं. दोन्ही घरं तुमीच छावून टाका ना, टोपीनं.”

त्या रात्री जमुनाबाई उघड्या फाट्यांखाली पडून हिशेब करत होती. पैशांचा नाही, दिवसांचा. कवेलू चढवायला तीन दिवस. अक्तीला सहा. म्हणजे कवडशाला दोन दिवसांत मरायला हवे. शेजारी नवरा झोपेतही पुस्तकी बोलत होता: “सत्य वरून पडते.” वरून एक वाळकी शेंग पडली, ती त्यांच्या कपाळावर.

“पडलं पाहा,” जमुनाबाई म्हणाली आणि कूस बदलली.

रविवारी सकाळी दुधरामजींनी शेवटचा डाव मांडला. “गुन्हेगार छपरावर पाय देत नाही, हे राखेने सिद्ध झालं. म्हणजे तो दुरून हात घालतो. शकुंतलाची माय, तू सकाळपासून सैपाकखोलीत बस. वरून हात आत आला की हात धर आणि मला हाक मार. तोवर मी बाहेर त्या हाताच्या मालकाला बोलतं करतो.”

“हात खालून वर गेला तर?”

“खालून कसा जाईल? भोक वर आहे.”

“हव जी.”

जमुनाबाई आत गेली. सुमित्राबाईने तिला पाट दिला, सुपात तांदूळ दिले. दोघी निवडत बसल्या. खोलीत चांगलाच अंधार होता. नवे छप्पर सुखरामने डब्याच्या झाकणासारखे बसवले होते.

“किती अंधार वो,” जमुनाबाई म्हणाली. “खडा दिसत नाही.”

“थांब,” सुमित्राबाई म्हणाली. ती उठली, चुलीमागे उभी असलेली आंबे तोडायची लांब आकडी घेतली, टोक वर नेले आणि एका कवेलूला खालून असा ढुसका दिला, की ते चार बोटे सरकले. ऊन खाली आले. आकडी पुन्हा चुलीमागे गेली. सुमित्राबाई पाटावर बसली. “घे आता. चहा घेशील?”

जमुनाबाईच्या हातातले सूप तसेच राहिले.

“भौजी, हे तुमी करून राहिल्या?”

“मंग कोन करनार? माकड?”

जमुनाबाईने सूप खाली ठेवले. ती चहाला हो म्हणाली.

“अवं, जुन्या छपराले तिथं भोक होतं,” सुमित्राबाई चहाचे पाणी ठेवत म्हणाली. “वीस वर्षं त्याच्यावरच सैपाक चालला. कवडसा पान्याच्या गुंडाजवळ असला की डाळ शिजत घालायची. उखळावर आला की भात. उंबऱ्यावर आला की शिदोरी बांधीवर धाडायची. बावीस मानसं हायेत. घडीभर उशीर झाला की कुदळ टाकून म्हनते, पटलाच्या घरच्या बाया झोपल्या व्हय.”

“वसरीत घड्याळ हाये ना?”

“ते भैय्याच्या डोक्यावर हाये. मी चूल सोडून दर घडीले वसरीत पळू? अन् ते सव्वा घंटा मागं चालते. ते पाहून जेवले असते तर मानसं सांजेले जेवली असती.” तिने फडक्याने चहाचा गंज चुलीवरून उतरवला. “सुखरामले पहिलेच सांगतलं, बापा, एक जागा सोड. तो म्हने, बाई, कवडसा दिसला तर माहं नाव जाते. भैय्याले सांगतलं. तो म्हने, साठ रुपये काय भोकासाठी देऊन राहिलो? मंग मी कोनाले विचारू? आकडीले विचारलं.”

“अन् सुखराम रोज सांजेले बुजवते त्याचं?”

“हट्टी मानूस हाये. मीबी हट्टी हाये.”

“त्याचा तिसरा हिस्सा अडला ना, भौजी. कवडसा हाये म्हनून.”

सुमित्राबाईचा कप हातात थांबला. “अवं माय! मले कोन सांगतलं? शिडी उभी दिसे. मले वाटलं, हिस्सा घेऊन शिडी विसरला.”

तेवढ्यात बाहेर गलका झाला. दुधरामजींनी बोलते करायला सुरुवात केली होती. ते अंगणाच्या मधोमध उभे होते, भिंग भैय्यालालच्या नाकासमोर.

“कवडशाचा लाभ कोणाला?” ते गरजत होते. “ज्याचे वीस रुपये वाचतात त्याला! भैय्यालाल पटले, स्वतःच्या छपराला भोक पाडणारे तुम्हीच!”

भैय्यालाल उठला. तो उठला की बराच वेळ उठतच राही, इतका उंच होता. “मी? आज तुमच्यापायी घरी थांबलो. रोज सकाळपासून बारा वाजेतो मी बांधीवर असतो. बावीस मानसं पाहून राहिली असते. मी काय तिथून दगड मारतो?”

“दगड!” दुधरामजींनी वहीत लिहिले. “स्वतःच कबूल केलं.”

“सुखराम,” भैय्यालाल म्हणाला, “ती शिडी दे इकडे. याले छपरावर ठेवून देतो. एक भोक तर बुजंल.”

“शकुंतलाचे बाबूजी,” दारातून जमुनाबाई म्हणाली, “हात सापडला जी.”

सगळे वळले. उंबऱ्यात सुमित्राबाई उभी होती. तिच्या हातात आकडी होती आणि आकडीच्या टोकाला कवेलूची लाल भुकटी. तिने जे आत सांगितले तेच बाहेर सांगितले, फक्त दुप्पट आवाजात, आणि ‘भोकासाठी’ हा शब्द भैय्यालालकडे पाहून तीनदा म्हटला.

सगळ्यांनी आकडीकडे पाहिले. बैलानेसुद्धा.

“मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं,” दुधरामजी म्हणाले, “गुन्हेगार घरातलाच आहे.”

“तुमी माकड म्हटलं होतं जी.”

“माकड घरातलंही असू शकतं.”

सुमित्राबाईने आकडी या हातातून त्या हातात घेतली. दुधरामजी छत्रीमागे सरकले.

भैय्यालाल मात्र ठरावाचा पक्का होता. “ते ठीक हाये, भौजी. पन ठराव म्हनते एकबी कवडसा नाही. ते भोक राह्यलं तर हिस्सा नाही. बुजलं तर तुमी पाडता. मी काय करू?”

“ठराव कोनं केला?”

“मी.”

“सैपाक कोन करते?”

“तुमी.”

“तर उद्यापासून सैपाक तू कर. ठराव मी करते.”

सुखराम डोक्याला हात लावून शिडीच्या पायथ्याशी बसला होता. तीस वर्षांच्या धंद्यात त्याचे वीस रुपये पहिल्यांदा भाताच्या पातेल्यात अडकले होते. जमुनाबाईने त्याच्याकडे पाहिले, मग शिडीकडे, मग पूर्वेला, जिकडे तिचे बोडके घर होते.

“भाऊजी,” ती भैय्यालालला म्हणाली, “गोंदियात काचेचं कवेलू भेटते. तेवढ्या जागी ते बसवा. पानी येत नाही, ऊन येते. भोक आपोआप पडते, खिडकी बाई मागते. एवढाच फरक. अन् रागावू नका, पन पहिला हिस्सा मालकानं द्यावा, दुसरा मालकानं द्यावा, तिसऱ्याच्या वेळी सैपाकखोलीतल्या बाईले विचारावं. छपराखाली दिवसभर तीच राहते. तुमी तर जेवाले येता.”

भैय्यालालने सुपारी कातरली. बराच वेळ कातरली. मग म्हणाला, “काचेचे पैसे कोनाचे?”

“माहे,” सुखराम घाईने म्हणाला. तो जागचा उठलाही होता.

“तुहे कायले?” सुमित्राबाई गरजली. “घर पटलाचं हाये. भैय्या, काढ.”

भैय्यालालने काढले. सुखराम कोणाची तरी सायकल घेऊन गोंदियाला गेला आणि संध्याकाळी धोतरात बाळासारखे गुंडाळून काचेचे कवेलू घेऊन आला. सोमवारी दुपारी दारे-खिडक्या लावल्या. भैय्यालाल अंधारात बसला. घरभर एकच कवडसा होता. तो उखळावर होता आणि सुमित्राबाई भात चढवत होती. भैय्यालालने घसा खाकरला, नारळ फोडला आणि वीस रुपये मोजून दिले.

मंगळवारी सकाळी पाटीखाली शिडी येऊन टेकली. दुधरामजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि तीन दिवस वही लिहीत राहिले. कवेलूची एकेक ओळ चढे तसे एकेक वाक्य. गुरुवारी दुपारी त्यांनी दारे लावून घेतली, भिंगाने जमीन तपासली आणि एकही कवडसा सापडला नाही. जमुनाबाईने चुलीजवळ बसून पाहिले. तिलाही नाही. खडे तिला अंधारातही कळत.

व्याह्यासाठी पाट धुऊन उन्हात ठेवला होता. कावळ्याने भिंतीवर बसून वर पाहिले आणि तो उडून गेला.

दुधरामजींनी शेवटचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवले: “‘यावरून सिद्ध होते, की छप्परवाल्यास संपूर्ण पैसे आगाऊ द्यावेत. पटलांनी अडवले, म्हणून सात दिवस गेले. आम्ही आधीच दिले, म्हणून तो उपकाराखाली राहून तीन दिवसांत काम करून गेला.’ कसं?”

“बराबर जी,” आतून जमुनाबाई म्हणाली.

ती मागच्या दाराशी उभी होती, दाराबाहेर सुखराम. चिंचेच्या मडक्यात तिने हात घातला. एक पुरचुंडी काढली, ती मोजायची गरज नव्हती. अशी एक फाटे आले त्या दिवशी गेली होती, दुसरी कवेलू चढले तेव्हा, आज सकाळी. सुखरामने पुरचुंडी कमरेला खोसली, नारळाचा तुकडा तोंडात टाकला आणि शिडी खांद्यावर घेतली.

“काय देऊन राहिली वो त्याले?” ओट्यावरून हाक आली. भूक लागली होती, भाषा घरची झाली होती.

“चिवडा,” जमुनाबाई म्हणाली.

“सगळा नको देऊ!”

“नाही जी. तिसरा हिस्साच होता.”